चाळिशीचा हिशेब



चष्म्याला आपल्या भाषेत 'चाळिशी' असा एक जुना शब्द आहे. आजोबांची चाळिशी सापडत नाही म्हणून घरभर शोध चालला आहे आणि ती त्यांच्या कपाळावरच आहे, हा प्रसंग आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. शब्द मोठा सुरेख आहे, पण त्यात एक जुना समज गोठून राहिला आहे. चष्मा ही वयाची खूण आहे, चाळीस वर्षे झाली की तो यावयाचा, आणि त्यापूर्वी आला तर त्या माणसात काहीतरी उणे आहे, असा तो समज. हा समज आपल्याकडचाच आहे असे नाही. सहाशे वर्षे सारे युरोप त्याच समजुतीने चष्मे विकत आणि विकत घेत होते. ती समजूत मोडली कशी, आणि वयाच्या जागी माप कसे आले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. यात थोडे गणित येईल. परंतु त्रैराशिक आणि अपूर्णांक ज्यांना येतात त्यांनी भिण्याचे कारण नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहू. चष्म्याचा जन्म तेराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीत झाला. १३०६ साली फ्लॉरेन्स येथे जोर्दानो नावाच्या एका धर्मोपदेशकाने आपल्या प्रवचनात सांगितले, की ही कला निघून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. ते चष्मे बहिर्गोल भिंगांचे, म्हणजे म्हाताऱ्यांना जवळचे वाचता यावे यासाठी होते. अंतर्गोल भिंगांचे, लांबचे दाखविणारे चष्मे पंधराव्या शतकात आले. १४६२ साली मिलानच्या ड्यूकने फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागविले. एक डझन तरुणांना लांबचे दिसण्यासाठी, एक डझन म्हाताऱ्यांना जवळचे दिसण्यासाठी आणि एक डझन मध्यम. त्याच्या मुलाने चारच वर्षांनी दोनशे चष्म्यांची मागणी नोंदविली, ती तर वयाच्या पाचपाच वर्षांच्या पायऱ्यांप्रमाणे होती. म्हणजे जोड्याचे माप पायावर घ्यावे, पण चष्म्याचे मात्र जन्मपत्रिकेवर! आपली 'चाळिशी' ही त्याच कुळातली.

या पद्धतीत पहिला खडा टाकला तो स्पेनमधील सेव्हिल येथील बेनितो दासा दे वाल्देस याने. १६२३ साली त्याने चष्म्यांच्या वापरावर एक संपूर्ण पुस्तक लिहिले आणि भिंगांना अंश लावून त्यांची प्रतवारी केली. दृष्टी मोजण्याची त्याची युक्ती तर आपल्या स्वयंपाकघरातली वाटावी अशी आहे. मोहरीचे दाणे एका ओळीत मांडावेत आणि किती अंतरावरून ते मोजता येतात ते पाहावे! त्याच्या एकोणीस वर्षे आधी, १६०४ साली, केप्लर या ज्योतिर्विदाने डोळ्यात प्रतिमा कोठे उमटते याचा उलगडा केला होता. बाहेरच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, उलटी पडते आणि निकटदृष्टीच्या माणसात किरण या पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात, म्हणून अंतर्गोल भिंग त्यांना थोडे पसरवून पडद्यापर्यंत नेते, हे त्याने दाखविले. कारण कळले, माप मात्र यावयास आणखी अडीचशे वर्षे लागली. याचे कारण असे, की दोन वेगळ्या गोष्टी मोजावयाच्या होत्या आणि लोक त्यांना एकच समजत होते. पहिली, डोळा किती बारीक पाहतो. दुसरी, त्याला कोणते भिंग लागते. आपणही या दोन गोष्टी वेगवेगळ्या घेऊ.

पहिली गोष्ट आपल्याला आकाशात सापडेल. आपल्या विवाहविधीत अरुंधतीदर्शन आहे. सप्तर्षींच्या शेपटीतील मधला तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून असलेली बारीक तारका अरुंधती. या दोहोंमधील अंतर सुमारे १२ कला आहे. कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. पौर्णिमेच्या चंद्राचे बिंब सुमारे ३१ कला असते, यावरून बारा कलांची कल्पना येईल. आता प्रश्न असा, की दोन बिंदू दोन म्हणून दिसण्यासाठी त्यांच्यात निदान किती अंतर हवे? इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने सतराव्या शतकात यावर विचार केला आणि ती मर्यादा सुमारे एका कलेची ठरविली. त्याहून जवळचे दोन तारे साध्या डोळ्याला एकच भासतात.

ही एक कला आली कोठून? त्याचे उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. डोळ्यातील प्रकाशमार्ग सुमारे १७ मिलिमीटर धरतात. एक कला कोनाचे दोन किरण इतके अंतर चालून दृष्टिपटलावर पडले की त्यांच्यामध्ये मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे अंतर पडते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशी साधारण याच्या निम्म्या अंतरावर दाटीने बसलेल्या आहेत. दोन पेशींवर प्रकाश पडावा आणि त्यांच्यामधील एक पेशी काळोखात राहावी, तरच मेंदूला 'हे दोन आहेत' असे कळते. दोन पेशींच्या मध्ये एक रिकामी पेशी, एवढ्यावर आपले सारे बारीक पाहणे अवलंबून आहे.

कोनाचे हे गणित करण्यासाठी एकच आकडा लक्षात ठेवला की पुरे, आणि तो आकडा आहे ३४३८. एक कला कोन म्हणजे ३४३८ हातांवर एक हात, किंवा ३४३८ मिलिमीटरांवर एक मिलिमीटर. वर्तुळाच्या परिघाच्या २१६०० कला होतात; त्या परिघाची त्रिज्या त्याच मापाने मोजली तर ती ३४३८ भरते. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास आपली ज्यांची कोष्टके याच त्रिज्येवर बांधली. यावरून आर्यभटाला चष्मा ठाऊक होता असे कोणी म्हणू लागेल, म्हणून आधीच सांगतो, की त्याचा चष्म्याशी काडीचा संबंध नव्हता. परंतु ज्या आकड्याने त्याने ग्रहांचा हिशेब केला त्याच आकड्याने आपण डोळ्यांचा हिशेब करू शकतो, एवढे मात्र खरे आहे.

आता हॉलंडमधील उट्रेक्ट या गावी चलावे. तेथे फ्रान्सिस्कस डोंडर्स नावाचे एक शरीरशास्त्रज्ञ होते. १८५८ साली त्यांनी गरीब नेत्ररुग्णांसाठी एक रुग्णालय काढले. रुग्ण येत, पण एकाची दृष्टी दुसऱ्याशी ताडून पाहावी कशी? एक वैद्य म्हणे बरी आहे, दुसरा म्हणे अधू आहे. त्यांचे सहकारी हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली जो तक्ता प्रसिद्ध केला तो आज प्रत्येक चष्म्याच्या दुकानात भिंतीवर टांगलेला असतो. अक्षरांचे तक्ते त्यांच्या पूर्वीही निघाले होते. पण कोणते अक्षर केवढे असावे याला त्यांत नियम नव्हता. स्नेलेन यांनी तो नियम दिला. प्रत्येक अक्षर पाच घरे उंच आणि पाच घरे रुंद अशा चौकटीत बसवावयाचे, त्याच्या रेघेची जाडी एक घर ठेवावयाची, आणि ठरलेल्या अंतरावरून ते एक घर बरोबर एक कला आणि अख्खे अक्षर पाच कला भरावयाचे.

सहा मीटरांवर पाच कलांचे अक्षर केवढे असेल? ६००० ला ५ ने गुणा आणि ३४३८ ने भागा. उत्तर येते सुमारे ८.७ मिलिमीटर. ही झाली ६/६ ची ओळ. तक्त्याच्या माथ्यावरील मोठे अक्षर याच्या दहापट, सुमारे ८७ मिलिमीटर असते. ते साठ मीटरांवरून पाच कला भरते. ज्याला सहा मीटरांवरून तेवढेच एक अक्षर वाचता येते त्याची दृष्टी ६/६०. वरचा आकडा म्हणजे तुम्ही कोठे उभे आहात ते अंतर. खालचा आकडा म्हणजे निर्दोष डोळ्याला तेच अक्षर जेथून वाचता आले असते ते अंतर. यापलीकडे त्या अपूर्णांकात काही गूढ नाही. अमेरिकेत हेच फुटांत मोजतात म्हणून तेथे २०/२० म्हणतात. आणि ६/६ म्हणजे शंभर टक्के असेही कोणी समजू नये. ती एक ठरविलेली पायरी आहे. पुष्कळ निरोगी तरुण डोळे ६/५ ची ओळही सहज वाचतात. तसेच ६/१२ म्हणजे अर्धा आंधळा नव्हे. त्याला अक्षर दुप्पट मोठे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

या तक्त्यात उणिवाही होत्या. वाचता न येणाऱ्या माणसाचे काय करावयाचे? त्यासाठी एकाच आकृतीची तोंडे चार दिशांना फिरविलेले तक्ते निघाले, आणि १८८८ साली लांडोल्ट यांनी एका बाजूला फट असलेली वर्तुळे काढली. फट कोणीकडे आहे ते बोटाने दाखवावयाचे. आपल्या देवनागरीची अडचण वेगळी आहे. शिरोरेघ, काना, वेलांटी घेऊन येणारे आमचे अक्षर पाच घरांच्या चौकटीत सुखाने बसत नाही. पुढे १९७६ साली ऑस्ट्रेलियात बेली आणि लोव्ही यांनी ओळींची उतरंड भूमितिश्रेढीने लावून दिली, म्हणजे प्रत्येक ओळ खालच्या ओळीच्या सुमारे सव्वापट. परंतु पाया स्नेलेन यांचाच राहिला.

आता दुसरी गोष्ट घेऊ, म्हणजे ज्याला आपण 'नंबर' म्हणतो ती.

भिंगावर उन्हाचे किरण पडले की ते पलीकडे काही अंतरावर एका बिंदूत गोळा होतात. लहानपणी भिंगाने कागद जाळण्याचा उद्योग ज्यांनी केला असेल त्यांना हे अंतर चांगले ठाऊक आहे. त्याला नाभीय अंतर म्हणू. पूर्वी भिंगाचा नंबर म्हणजे हे अंतर, इंचांत. दहा इंची भिंग म्हणजे दहा नंबर. यात तीन संकटे होती. एक, भिंग जितके जोरदार तितका नंबर लहान. दोन, इंच प्रत्येक देशाचा निराळा. पॅरिसचा इंच सुमारे २७ मिलिमीटरांचा आणि इंग्रजांचा २५.४ चा. तेव्हा पॅरिसचा दहा नंबर आणि लंडनचा दहा नंबर एक नव्हे. तिसरे संकट सर्वांत मोठे होते. दोन भिंगे एकावर एक ठेवली तर त्यांचा एकत्र नंबर काय? दहा आणि पंधरा मिळून पंचवीस नव्हे. एकदशांश आणि एकपंधरांश यांची बेरीज एकषष्ठांश, म्हणून उत्तर सहा नंबर! रुग्णाच्या डोळ्यापुढे एकामागून एक काचा धरून पाहणाऱ्या वैद्याला दर वेळी असे अपूर्णांक सोडवीत बसावे लागे.

जर्मनीतील नागेल यांनी १८६६ साली सुचविले, की इंच सोडा आणि एक मीटर नाभीय अंतराचे भिंग हे एकक धरा. १८७२ साली फ्रान्सचे मोनोये यांनी त्या एककाला 'डायॉप्टर' हे नाव दिले. १८७५ साली ब्रुसेल्स येथील वैद्यकपरिषदेने ते स्वीकारले. त्याची व्याख्या एका ओळीची आहे: एकाला मीटरांतील नाभीय अंतराने भागा. एक मीटरचे भिंग एक डायॉप्टर, अर्ध्या मीटरचे दोन, पाव मीटरचे चार. बहिर्गोल ते अधिक, अंतर्गोल ते उणे. अंतराऐवजी अंतराचा व्यस्त घेतला, आणि तिन्ही संकटे एकदम टळली. जोरदार भिंगाचा नंबर मोठा झाला, माप सगळीकडे एक झाले, आणि भागाकाराच्या जागी बेरीज आली. दोन आणि दीड मिळून साडेतीन! चौथीतल्या मुलालाही जमेल असा हिशेब.

निकटदृष्टीच्या माणसाने हा हिशेब घरी करून पाहावा. चष्मा काढा, पुस्तक हळूहळू दूर न्या, आणि अक्षर स्वच्छ दिसण्याची शेवटची जागा कोठे येते ते सेंटिमीटरांत मोजा. त्या आकड्याने शंभराला भागा. पन्नास आले तर नंबर उणे दोन. चाळीस आले तर उणे अडीच. पंचवीस आले तर उणे चार. ही ढोबळ परीक्षा आहे, तज्ज्ञाच्या तपासणीची जागा ती घेणार नाही. पण उणे चार म्हणजे काही भयंकर रोग नसून 'माझे जग पाव मीटरपर्यंत स्वच्छ आहे' एवढेच ते विधान आहे, हे त्यातून कळेल.

आता चाळिशीकडे वळू. तरुण डोळ्याला जवळचे पाहताना आपल्या आतील भिंग फुगवून जोर वाढविता येतो. ही शक्ती वयाबरोबर कशी ओसरते ते डोंडर्स यांनी मोजले आणि १८६४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात मांडले. दहाव्या वर्षी ही शक्ती सुमारे १४ डायॉप्टर असते, विसाव्या वर्षी १०, तिसाव्या वर्षी ७, चाळिसाव्या वर्षी साडेचार, साठाव्या वर्षी जेमतेम एक. पुस्तक ३३ सेंटिमीटरांवर धरावयाचे तर तीन डायॉप्टर लागतात. एखादा माणूस आपली सगळी मिळकत रोज खर्च करू लागला तर त्याला धाप लागते, तसेच डोळ्याचे आहे. निम्मी शक्ती तरी शिल्लक हवी. चाळिसाव्या वर्षी साडेचारांपैकी तीन खर्च होऊ लागतात, म्हणून हात लांब जाऊ लागतो. साठाव्या वर्षी एकापैकी अर्धा वापरता येतो, म्हणून अडीचचा चष्मा बाहेरून उसना घ्यावा लागतो. आपल्या पूर्वजांनी चाळीस हा आकडा उगाच निवडला नव्हता, हे डोंडर्स यांच्या कोष्टकाने सिद्ध केले. आणि ज्यांचा लांबचा नंबर उणे तीन आहे असे आजोबा वाचताना चष्मा कपाळावर का ढकलतात, हेही त्यातच आले. त्यांच्या डोळ्याची शेवटची स्वच्छ जागा मुळातच ३३ सेंटिमीटरांवर आहे. उसने घेण्याची त्यांना गरज नाही.

परंतु डोंडर्स यांची खरी थोरवी पुढे आहे. त्या काळी वीस-पंचवीस वर्षांची अशी पुष्कळ माणसे वैद्यांकडे येत, की ज्यांना लांबचे दिसे, जवळचेही घटकाभर दिसे, पण शिवण किंवा लेखन थोडे चालले की अक्षरे पुसट होत, कपाळ दुखे, डोळ्यांतून पाणी येई. हा डोळ्याचा दुबळेपणा आहे, पुढेमागे दृष्टी जाणार, असे निदान होई. जळवा लावीत, काम बंद करावयास सांगत, धंदा बदला म्हणत. बहिर्गोल चष्मा मात्र देत नसत. कारण तो म्हाताऱ्यांचा, तरुणाने लावला तर डोळे बिघडतील अशी धास्ती होती. डोंडर्स यांनी साधी वजाबाकी केली. समजा, एका शिवणकाम करणाऱ्या बाईचे वय तीस आहे आणि तिच्या डोळ्याला जन्मतः तीन डायॉप्टर कमी पडतात. लांबचे पाहण्यातच तिचे तीन खर्च होतात. शिवणीसाठी आणखी तीन. सातांतून सहा गेले! डोळा रोगी नाही. तो कर्जबाजारी आहे. तिला अधिक तीनचा चष्मा द्या, म्हणजे खर्च निम्म्यावर येईल आणि ती दिवसभर काम करील. आणि झालेही तसेच. या दोषाला त्यांनी वार्धक्याच्या दोषापासून कायमचे वेगळे केले. ज्यांना आंधळेपणाची भीती घातली होती त्यांना एका काचेच्या जोडीने आपला उद्योग परत मिळाला.

आपल्या चिठ्ठीवर आणखी दोन आकडे असतात, त्यांनाही न्याय दिला पाहिजे. काही डोळ्यांचा दर्शनी पारदर्शक पडदा चेंडूसारखा सर्व बाजूंनी सारखा गोल नसतो. तो उभ्यात एक आणि आडव्यात दुसरी वक्रता घेतो. दोन दिशांत वेगळा जोर असण्याचा दोष टॉमस यंग यांनी १८०१ साली आपल्याच डोळ्यात दाखवून दिला. त्यानंतर जॉर्ज एअरी या केंब्रिजच्या तरुण गणितज्ञाच्या लक्षात आले, की आपला डावा डोळा वाचताना उपयोगीच पडत नाही. त्यांनी कागदाला बारीक भोक पाडून मागून उजेड धरला. तो बिंदू सहा इंचांवर एका दिशेची रेघ दिसे आणि साडेतीन इंचांवर तिला काटकोनातली रेघ! म्हणजे एकाच डोळ्याचे दोन नंबर. १८२५ साली त्यांनी आपला हिशेब केंब्रिजच्या विद्वत्सभेपुढे ठेवला आणि इप्सविच येथील एका कारागिराकडून एका दिशेने दंडगोल कापलेले भिंग करवून घेतले. हे एअरी पुढे इंग्लंडचे राजज्योतिषी झाले. आजच्या चिठ्ठीत 'उणे दोन, दंडगोल उणे एक, अक्ष १८०' असे असते, त्याचा अर्थ एवढाच की आडव्या दिशेत उणे दोन आणि उभ्या दिशेत उणे तीन. हेच दुसरा तज्ज्ञ 'उणे तीन, दंडगोल अधिक एक, अक्ष ९०' असे लिहील. दोन चिठ्ठ्या वेगळ्या दिसल्या म्हणून एकाने फसविले असे समजून लोक रागावतात. वास्तविक दोन्ही काचा एकच आहेत, हे बेरीज करून पाहावे.

आता सुरुवातीच्या दोन गोष्टी, म्हणजे दृष्टी आणि नंबर, एकमेकींना कोठे भेटतात ते पाहू. उणे एकचा नंबर असून चष्मा न लावलेल्या वराला अरुंधती दिसेल काय? बिंदूऐवजी डोळ्यात जी धूसर चकती उमटते तिचा व्यास काढणे सोपे आहे. बाहुलीचा व्यास मीटरांत घ्या, त्याला नंबराने गुणा, आणि ३४३८ ने गुणून कला करा. रात्री बाहुली पाच मिलिमीटर उघडली असे धरले तर उत्तर सुमारे १७ कला येते. वसिष्ठाची चकती १७ कला, अरुंधतीची १७ कला आणि दोघांत अंतर १२! चकत्या एकमेकींवर चढल्या आणि वसिष्ठाच्या प्रकाशात बिचारी अरुंधती लोपली. नंबर अर्धाच असता तर चकत्या नऊ कलांच्या आत राहून ती निसटती दिसली असती. तेव्हा आजवर किती वरांनी भटजींच्या बोटाकडे पाहून नुसती मान डोलाविली असेल याचा हिशेब न केलेला बरा.

लग्नातल्या त्या मान डोलावण्याने कोणाचे नुकसान होत नाही. शाळेत मात्र होते. फळ्यावरचे तीन सेंटिमीटर उंचीचे अक्षर सहा मीटरांवरच्या मागच्या बाकावरून सुमारे १७ कला भरते. ६/१८ दृष्टीच्या मुलाला १५ कला लागतात. तो कसाबसा वाचील. ६/२४ च्या मुलाला २० लागतात. त्याला फळा म्हणजे पांढऱ्या धुक्याचा ढग आहे. त्याला चार मीटरांवर आणून बसवा, तेच अक्षर सुमारे २६ कला होईल आणि तो वाचू लागेल. आम्ही स्वतः असे मागच्या बाकावरचे विद्यार्थी होतो. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत असू, आणि त्याबद्दल नक्कल केल्याची शिक्षाही आम्ही भोगली. शिक्षा करणाऱ्यांचा आम्हांला राग नाही, कारण आमचे डोळे वेगळे पाहतात हे आम्हांलाही ठाऊक नव्हते. सगळ्यांनाच असे दिसते, अशीच आमची समजूत होती. ज्या दिवशी पहिला चष्मा लागला त्या दिवशी अंगणातल्या चिंचेला निरनिराळी पाने आहेत हे आम्ही पाहिले. लहान मूल तक्रार करीत नाही. त्याच्याजवळ तुलना करावयास दुसरे डोळेच नसतात. म्हणून मोजणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे.

आणि आजही ते संपलेले नाही. योग्य चष्मा न मिळाल्यामुळे अधू राहिलेली दृष्टी हे जगातील दृष्टिदोषाच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या घरांतूनही मुलीचा चष्मा स्थळ येईल त्या दिवशी पेटीत ठेवतात, मुलाला 'चष्मा लावलास तर नंबर वाढेल' म्हणून अडवितात. या साऱ्याच्या मुळाशी नंबर म्हणजे कलंक ही कल्पना आहे. नंबर हा एका अंतराचा व्यस्त आहे. त्याहून अधिक नाही आणि उणेही नाही. ज्याचा नंबर उणे सहा आहे पण चष्म्यातून ६/६ दिसते त्याची दृष्टी उत्तम आहे. ज्याचा नंबर शून्य आहे पण मोतीबिंदूने ६/६० वर आला आहे त्याने मात्र त्वरित वैद्याकडे जावे. या दोन मापांतला फरक जरी आज घरी नेलात तरी आमचे बोलणे वाया गेले नाही असे आम्ही समजू.

शेवटी एक योगायोग सांगून आपली रजा घेतो. ब्रुसेल्सला डायॉप्टर मान्य झाला ते साल १८७५. त्याच साली पॅरिसमध्ये मीटरचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आणि त्याच साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमालेची परंपरा सुरू केली. रानडे यांची दृष्टी अधू होती. रमाबाई त्यांना वाचून दाखवीत. या तीन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. परंतु ज्याला वाचावयास दुसऱ्याचे डोळे लागत होते त्या पुरुषाने, ज्यांना पुस्तके मिळत नाहीत त्यांना कानांनी ज्ञान मिळावे अशी सोय करून ठेवली, हे आपण विसरता कामा नये. आपल्या शेजारी, वर्गात, घरात असे कोणी असेल ज्याला फळा दिसत नाही. त्याला आधी पुढच्या बाकावर बसवा, आणि मग त्याचा नंबर काढून आणा. त्याच्या वयाची चौकशी करू नका.